‘तू नको’ म्हणणारी मुलं आणि मारणारा मुलगा

तुमचं पत्र मोठं आहे. इतर आईवडिलांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी त्यातला मुद्दा थोडक्यात सांगते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. दर दोन-चार दिवसांनी डायरीत शेरा: ढकललं, पट्टीने मारलं, कुणाचा तरी डबा सांडला. बाईंनी त्याला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवलंय. सोसायटीतली मुलं क्रिकेटला ‘तू नको’ म्हणतात. वाढदिवसाची बोलावणी बंद झालीत. यजमानांचं म्हणणं, ‘मुलगे असेच असतात, मीही असाच होतो,’ पण शेरा आला की दोन फटके तेच देतात. सासूबाई दृष्ट काढतात. तुमचे प्रश्न असे की शाळा बदलावी का, कराटेला घालावं का, पाचवीपासून निवासी शाळेत ठेवावं का, आणि पुढच्या महिन्यातल्या वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलवायचा त्याचा हट्ट पुरवावा का.

शाळेचं आधी बोलू, कारण प्रवेश सुरू झाले की घाईत निर्णय होतात. नुसती शाळा बदलून हा प्रश्न सहसा सुटत नाही. जॉन कोई आणि जॅनिस कुपरस्मिट या अमेरिकी अभ्यासकांनी 1983 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तोही चौथीतल्याच मुलग्यांवरचा. चार-चार जणांचे गट केले. प्रत्येक गटात एक वर्गाचा लाडका, एक सगळ्यांना नकोसा, एक कुणाच्या खिजगणतीत नसलेला आणि एक साधारण. काही गट एकाच वर्गातले होते, काहींत कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे ते खेळले. तिसऱ्या भेटीपर्यंत अनोळखी गटांतही बहुतेक तीच उतरंड उभी राहिली जी शाळेत होती. नकोसा मुलगा तिथेही नकोसा झाला, कारण वागण्याची तऱ्हा तो सोबत घेऊन आला होता. जो नुसता बुजरा होता तो मात्र नव्या गटात जरा खुलला. म्हणून बुजऱ्या मुलाच्या पालकांना मी शाळा बदलण्याबद्दल वेगळं सांगते, तुम्हाला वेगळं. वर्गात त्याचा छळ होत असेल आणि शाळा ऐकूनच घेत नसेल, तर गोष्ट निराळी. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

मग ही तऱ्हा म्हणजे नेमकं काय? मारणं हा शेवटचा भाग असतो, बिनसतं त्याच्या बरंच आधी. एखाद्या संध्याकाळी गॅलरीतून नीट बघा. पार्किंगमध्ये चौघं क्रिकेट खेळताहेत, खांबावर खडूने स्टंप काढलेत, एक टप्पा आउट. ज्याला सगळे खेळायला घेतात असा मुलगा येतो तेव्हा तो आधी कडेला उभा राहतो. दोन-तीन चेंडू बघतो. एखादा गाडीखाली गेला की वाकून काढून देतो. कुणी झेल घेतला तर ‘भारी रे’ म्हणतो. ओव्हर संपली की विचारतो, ‘मी फिल्डिंगला येऊ?’ कधी ‘चल’ म्हणतात, कधी ‘पुढच्या डावात’. तुमचा मुलगा बहुधा धावत मधे शिरत असेल, चालू चेंडू पकडत असेल आणि म्हणत असेल, ‘आधी मला बॅटिंग द्या!’ किंवा ‘तो आउट नव्हताच, तुम्हाला नियमच माहीत नाहीत.’ ते म्हणतात, ‘ए, तू नको.’ तो चेंडू कंपाउंडबाहेर भिरकावतो. मग कुणीतरी त्याला ढकलतं, तो पट्कन हात उचलतो, आणि वरच्या मजल्यावरून ज्या काकू बघतात त्यांना फक्त तो शेवटचा हात दिसतो.

मार्था पुटॅलाझ आणि जॉन गॉटमन यांनी 1981 मध्ये नेमकं हेच टिपलं होतं. मुलांना नकोशी झालेली मुलं चालू खेळात शिरताना लक्ष स्वतःकडे ओढून घेतात, मतभेद काढतात, नियम शिकवायला जातात. लाडकी मुलं चाललंय त्यात मिसळतात. हे शिकवता येतं, आणि शिकवताना ‘चांगला वाग’ म्हणून काही होत नाही. चांगलं म्हणजे काय हे नऊ वर्षांच्या मुलाला कुणी दाखवलेलंच नसतं. घरी वडील आणि मोठी बहीण हॉलमध्ये खेळताहेत असा डाव मांडा आणि त्याला चार पायऱ्या घोटवून घ्या: उभा राहा, बघ, काहीतरी कामाचं कर, मग विचार. ‘नाही’ आलं तर काय करायचं हेही ठरलेलं हवं. सायकलवर एक फेरी मारून ये आणि पुन्हा विचार, किंवा दुसऱ्या मुलांकडे जा. लाडक्या मुलांनाही पहिल्यांदा नकार मिळतोच, हे त्याला मुद्दाम सांगा. त्याला वाटतं नकार फक्त आपल्याच वाट्याला येतो. पूर्वी आपल्याकडे लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायचे. नऊ वर्षांच्या मुलाला तो अपमान वाटतो, पण ‘मी आज फक्त फिल्डिंग करतो’ हे लिंबूटिंबूच आहे, फक्त मान राखून केलेलं.

दुसरी गाठ त्याच्या डोक्यात आहे. केनेथ डॉज यांचा 1980 चा प्रयोग असा: दुसरी, चौथी आणि सहावीतली मुलं कोडं जुळवत होती. शेजारच्या खोलीत दुसरा मुलगा आहे असं त्यांना सांगितलं होतं, प्रत्यक्षात होता फक्त रेकॉर्ड केलेला आवाज. त्या मुलाने त्यांचं अर्धं झालेलं कोडं विस्कटलं. विस्कटणं उघड मुद्दाम होतं तिथे सगळीच मुलं चिडली. मदत करताना चुकून झालं असं ऐकू आलं तिथे सगळ्यांनीच सांभाळून घेतलं. फरक पडला तो मधल्या परिस्थितीत, म्हणजे मुद्दाम की चुकून हे कळायला मार्ग नव्हता तिथे. मारकुटी म्हणून ओळखली जाणारी मुलं तिथे ‘मुद्दाम केलं’ असंच धरून वागली.

शाळेतला दिवस अशा धूसर प्रसंगांनीच भरलेला असतो. रांगेत धक्का लागतो, कंपास पडतो, मागे कुणीतरी हसतं. तुमच्या मुलाला प्रत्येक धक्का हल्ला वाटत असेल तर त्याच्या मते तो फक्त उत्तर देतोय. ‘तू का मारलंस?’ या प्रश्नावर तो ‘त्याने आधी मारलं’ म्हणतो तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत नसतो. त्याऐवजी विचारा, ‘त्याने मुद्दाम केलं असेल हे कशावरून वाटलं? अजून काय झालं असू शकेल?’ भांडणानंतर लगेच नव्हे, रात्री अंथरुणावर, शांत असताना. आणि जाता जाता एक सांगते. गाडीत बसल्यावर आपण मोठी माणसं काय बोलतो ते ऐका. रिक्षा आडवी आली की ‘मुद्दाम घातली बघ’, शेजाऱ्याची गाडी आपल्या जागेत दिसली की ‘त्रास द्यायलाच लावलीये’. मागच्या सीटवरचं पोर ते सगळं ऐकत असतं.

आता तो भाग, जो पालक आणि शाळा दोघांच्याही नजरेतून सुटतो. समजा पुढच्या दोन महिन्यांत त्याचं मारणं निम्म्यावर आलं. वर्ग त्याला जवळ करेल? बहुधा नाही. अतिचंचल, लक्ष न टिकणाऱ्या म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलांवर अमेरिकेत एक मोठा उपचार-अभ्यास झाला. सात ते नऊ वर्षांची 579 मुलं, 14 महिने औषधं, वर्तनोपचार, काहींना दोन्ही. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये आले. मुलांची मूळ लक्षणं कमी झाली. पुढे बेट्सी होझा आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये या मुलांच्या वर्गमित्रांची मतं तपासली, तर कुठलाही उपचार मिळालेली मुलं वर्गमित्रांच्या नजरेत अजून मागेच होती. वागणं बदललं, नाव बदललं नाही.

वर्गात एकदा नाव पडलं की तीच कृती दोन मुलांसाठी दोन तऱ्हेने वाचली जाते. लाडक्याने ढकललं तर ‘चुकून लागलं’, आणि तुमच्या मुलाने ढकललं तर ‘तो आहेच तसा’. त्याने पेन्सिल उसनी दिली तरी ‘आता काहीतरी मागेल’. वर काही चलाख मुलं त्याला हळूच डिवचतात, कारण तो भडकणार आणि बाईंना तोच सापडणार हे त्यांना पाठ असतं. मग चांगलं वागूनही उपयोग नाही असं त्याला वाटतं आणि तो पुन्हा मूळपदावर येतो. वागण्यातून नकार आणि नकारातून पुन्हा तेच वागणं, हे चक्र दोन्हीकडून एकदमच तोडावं लागतं. एकटा मुलगा सुधारायला घेतला की वर्ग ते काम उधळून लावतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी ‘सगळ्यांचा लाडका’ हे ध्येयच सोडून द्यायला लावते. एक मित्र, एवढंच ध्येय. कॅनडात चौथी-पाचवीच्या मुलांवर 1999 मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की इतरांच्या त्रासामुळे मुलांच्या वागण्यातल्या अडचणी वाढत गेल्या, पण ज्यांना एक जवळचा मित्र होता त्यांच्यात तसं झालं नाही. अमोरी मिकामी यांनी तर एडीएचडी असलेल्या मुलांच्या आईवडिलांनाच मैत्री जुळवून देण्याचं प्रशिक्षण दिलं, आणि त्यांच्या 2010 च्या अभ्यासात मुलांच्या मैत्रीत फरक दिसला. तेव्हा हे घरून होणारं काम आहे.

कोणाला बोलवायचं? पहिल्या नंबरचा मुलगा बोलवायचा मोह होतो, तो टाळा. दुसरा मारकुटाही नको. शांत, जरा विनोदी, वर्षभराने लहान असला तरी चालेल, दोघांना एखादी गोष्ट सारखी आवडणारी हवी: डायनॉसॉर, बस, मांजरं, काहीही. त्याच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा. वेळ दीड तास, त्याहून जास्त नाही. ज्यात कुणी हरत नाही असं काम द्या. भेळ करायला लावा, पतंगाला कणी बांधायला लावा, दिवाळी जवळ असेल तर किल्ल्यासारखं दुसरं काही नाही: एकाने माती कालवायची, दुसऱ्याने अळीव पेरायचे, मावळे कुठे ठेवायचे यावर थोडी बाचाबाची होणारच, तेवढी होऊ द्या. मोबाइल आणि व्हिडिओ गेम नकोत, त्यात मुलं शेजारी बसतात पण एकमेकांशी खेळत नाहीत. जी खेळणी त्याला कुणाला द्यायची नाहीत ती आधीच कपाटात ठेवायची, म्हणजे तो वाद येतच नाही. तुम्ही स्वयंपाकघरात, कान तिकडे, पाय इकडे. आवाज चढला तर खाऊ घेऊन जा, भाषण घेऊन नको. आणि रंगात आलेला खेळ असतानाच पाहुण्याला घरी पोचवा. पाहुणा ‘अजून थोडं’ म्हणत गेला पाहिजे, म्हणजे तो पुन्हा येतो.

घरातले नियम मऊ पडलेत हे तुमच्या पत्रातल्या एका प्रसंगावरून कळलं. तुम्ही ‘अभ्यासाला बस’ म्हणता, तो ‘पाच मिनिटं’, तुम्ही आवाज चढवता, तो दप्तर फेकतो, आणि बाबा यायच्या आत घर शांत असावं म्हणून तुम्ही मोबाइल हातात देता. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेरल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं घराघरांत बसून हीच साखळी नोंदवली. मुलगा शिकतो की पुरेसं वर चढलं की समोरचा माघार घेतो. घरी हे चालतं, शाळेत मुलं माघार घेत नाहीत, सरळ त्याला गटाबाहेर काढतात. यावर उपाय आवाज वाढवणं नाही. सूचना एकदाच, जवळ जाऊन, छोटी. परिणाम आधी सांगितलेला आणि लहान, पण न चुकता होणारा. हात उचलला की त्या दिवसाचा खेळ संपला, एवढंच. कॅरन बियरमन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये पहिली ते तिसरीतल्या नकोशा झालेल्या मुलग्यांवर तीन पद्धती वापरून पाहिल्या: नुसतं चांगलं शिकवणं, नुसती मनाई, आणि दोन्ही. दोन्ही मिळालेलीच मुलं सोबत खेळणाऱ्यांना जास्त आवडू लागली. तेव्हा ‘प्रेमाने समजावा’ आणि ‘शिस्त लावा’ या दोन गटांतला वाद आपल्या घरी नको.

यजमानांसाठी दोन शब्द, त्यांनी वाचावेत म्हणून. मुलगे दंगा करतात हे खरं. कुस्ती, पाठलाग, एकमेकांच्या अंगावर पडणं यात बिघडण्यासारखं काही नाही. पण लाडक्या मुलांची दंगामस्ती बहुतेकदा नियमांच्या खेळात जाते आणि नकोशा मुलग्यांची जास्त वेळा मारामारीत, हे अँथनी पेलेग्रिनी या अभ्यासकांनी शाळेच्या मैदानावर 1988 मध्येच दाखवलंय. तेव्हा ‘मीही असाच होतो’ म्हणताना एक आठवून बघा: तुमच्यासोबत खेळणारी मुलं होती ना? त्याच्यासोबत नाहीत. उलट तुम्ही रोज दहा मिनिटं त्याच्याशी कुस्ती खेळा, एकच अट ठेवून, ‘टाइमप्लीज’ म्हटलं की दोघांनीही त्याच क्षणी थांबायचं. थांबणं अंगात मुरायला याहून सोपी जागा मी पाहिलेली नाही. आणि फटके बंद. मारू नये हे मारून शिकवता येत नाही, शिवाय डायरी लपवायला तो आता शिकेलच.

शाळेत भांडायला जाऊ नका. पन्नासेक मुलांच्या वर्गात बाईंची बाजूही समजून घ्यायला हवी. मधल्या सुट्टीत नव्हे, वेळ घेऊन भेटा. पहिलं वाक्य ‘घरी आम्ही हे सुरू केलंय’ असं असू द्या, तक्रार नको. मग तीन गोष्टी मागा. एकटं बसवणं थांबवून एखाद्या शांत मुलाशेजारी पुढे जागा. चूक झाली तर सगळ्या वर्गासमोर नाव घेण्याऐवजी बाकाजवळ येऊन हळू आवाजात सांगणं, कारण बाईंना कोण आवडतं आणि कोण नाही हे वर्ग बरोबर हेरतो आणि तेच मत उचलतो. आणि कुणासोबत जोडीने करायचं काम: वह्या वाटणं, झाडांना पाणी घालणं, फळा सजवणं. मॉनिटर मात्र करू नये. फळ्यावर नावं लिहायचा अधिकार मिळाला की आहेत तेही वैर वाढतं. बालहक्काच्या कायद्याचा धाक पहिल्याच भेटीत दाखवू नका, पण माहीत असू द्या: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे.

कराटे? आवड असेल तर जरूर घाला, व्यायाम होईल. पण रांगेत उभं राहून एकसाथ हात चालवताना मैत्री करण्याचं कसब येत नाही. निवासी शाळेला, आणि ‘वांड मुलांसाठी शिस्तीचं शिबिर’ अशा जाहिरातींना, माझा स्पष्ट विरोध आहे. अशाच मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांच्या दांडगाईला हसून दाद देतात आणि शिकतात. थॉमस डिशन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांनी 1999 मध्ये यावर लिहिताना एका जुन्या प्रकल्पाची आकडेवारी पुन्हा मांडली. अमेरिकेत 1930 च्या दशकात सुरू झालेल्या त्या प्रकल्पात ज्या मुलग्यांना एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलं गेलं, त्यांचं पुढचं आयुष्य मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा वाईट गेलं. हेतू चांगलाच होता.

तपासण्या मात्र टाळू नका. ऐकू आणि नीट दिसतं ना हे आधी बघा. कमी ऐकू येणारा मुलगा हाक न ऐकल्याने ‘उर्मट’ ठरतो. रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, झोप नीट न झालेलं मूल दिवसभर चिडचिडं असतं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला खूप वेळ लागतो असं तुम्ही लिहिलंय. चौथीत हे अध्ययन अक्षमतेचंही, म्हणजे बुद्धी चांगली असूनही लिहिणं-वाचणं जड जाण्याचं, लक्षण असू शकतं, आणि वाचता न येणारा मुलगा वाचनाच्या तासालाच दंगा करतो. मुंबईत सायन, केईएम आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी आणि प्रमाणपत्र दोन्ही मिळतं. तुमच्या गावातून ते सोयीचं नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. एडीएचडीचा शिक्का शाळेच्या शेऱ्यांवरून मारू नका. लक्षणं सहा महिन्यांहून अधिक काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसायला हवीत, आणि ते ठरवायचं बालमनोविकारतज्ज्ञाने किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञाने. तो प्राण्यांना इजा करत असेल, आगीशी खेळत असेल, ‘मी मेलो तर बरं’ असं बोलत असेल, तर वाट न बघता त्यांच्याकडे जा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला वाढदिवस. अख्खा वर्ग बोलवू नका. पन्नास पत्रिका वाटल्या आणि सहा मुलं आली तर ते तो वर्षभर मोजेल, आणि सगळी आली तरी घरभर गोंधळात त्याचं एखादं भांडण ठरलेलं. त्याला सांगा, यंदा मोठा कार्यक्रम नाही, दोन मित्र आणि आपण सगळे. वर्गात सर्वांना चॉकलेट वाटायचं असेल तर शाळेच्या परवानगीने वाटू द्या. दोघांची नावं त्यानेच सुचवावीत, तुम्ही त्यांच्या आयांशी आधीच बोलून होकार पक्का करा, मगच त्याला कळवा. केक घरी आणलात तर तो त्या तिघांना सजवू द्या. भेटवस्तू पाहुणे गेल्यावर उघडायच्या, नाहीतर ‘हे तर माझ्याकडे आहे’ असं तो पट्कन बोलून जातो. आणि त्या आधीच्या तीन रविवारी त्या दोघांपैकी एकेकाला वेगवेगळं, दीड तास, आपल्या घरी बोलावून झालेलं असू द्या.